तोडीची परवानगी : दापोडी ते कोंढवा

पुणे शहराच्या हद्दीतील टेकड्यांपैकी भांबुर्डा, पाचगाव-पर्वती यांसारख्या जागा वन खात्याच्या ताब्यात आहेत आणि कागदोपत्री त्यांची गणना गडचिरोलीतील सागाच्या जंगलाप्रमाणेच सरकारी वनांत होते. हा दर्जा झाडांच्या दाटीवरून किंवा तेथील प्राण्यांवरून ठरत नाही, तो राजपत्रातील अधिसूचनेवरून ठरतो. त्यामुळे सरकारी वनाचे रक्षण हा भारतात पहिल्यापासून झाडांइतकाच कागदाचाही प्रश्न राहिला आहे. झाड तोडण्याची, जमीन देण्याची किंवा वनाचा दर्जा काढून घेण्याची परवानगी कोणी द्यायची, कोणाला विचारून द्यायची आणि कोणत्या नोंदीच्या आधारे द्यायची, याच प्रश्नाभोवती गेल्या दीडशे वर्षांतील वनकायदे फिरत आले आहेत. मालकी सार्वजनिक असली की जंगल कुऱ्हाडीपासून आपोआप वाचते, हा समज मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या इतिहासात टिकत नाही. येथील मोठी तोड सरकारी जंगलातच आणि सरकारच्या रीतसर मंजुरीने झालेली आहे.

या इतिहासाचा आरंभ पुण्याच्या अगदी जवळ सापडतो. मुळा नदीच्या काठी दापोडी येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात एक वनस्पती उद्यान होते आणि त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल नाहीसे झाले की झरे आटतात, अशी चिंता त्या काळातील ज्या वैद्यक-वनस्पतितज्ज्ञांनी मांडली त्यांत गिब्सन यांचा समावेश होतो, परंतु त्यांच्या पदामागची सरकारी निकड वेगळी होती. जहाजबांधणीला साग हवा होता, १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यावर रुळांखाली घालण्याच्या लाकडी स्लीपरांची मागणी वाढली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन लोहमार्ग दख्खनच्या पठारावर पसरू लागल्यावर तर लाकूड ही साम्राज्याच्या दृष्टीने रणनीतीची वस्तू बनली. १८६४ मध्ये वन खाते, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कठोर कायदा आला, तो या पार्श्वभूमीवर.

१८७८ च्या कायद्याने वनांचे तीन वर्ग केले. राखीव वनात जे स्पष्टपणे दिलेले नाही ते सर्व निषिद्ध, संरक्षित वनात जे स्पष्टपणे मना केलेले नाही ते सर्व मोकळे, आणि ग्रामवन म्हणजे गावाच्या वापरासाठी सोपवलेले जंगल, अशी ही विभागणी होती. प्रत्यक्षात तिसरा वर्ग बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. या विधेयकाच्या विरोधात पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ मध्येच निवेदन दिले होते. गावकऱ्यांना विश्वासात घेतले, त्यांचे परंपरागत हक्क मान्य केले तर जंगल टिकवणे सरकारला अधिक सोपे जाईल, असा त्याचा आशय होता. हा युक्तिवाद भावनेचा नव्हता, कारभाराचा होता, आणि तो ऐकला गेला असता तर पुढचे शतक वेगळे गेले असते असे मानायला जागा आहे. त्यानंतर काही वर्षांतच महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगल खात्याने गिळल्यामुळे शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांनाही जागा उरली नाही, अशी तक्रार कितीतरी धारदार शब्दांत नोंदवली. सभेची भाषा अर्जाची आणि फुल्यांची असूडाची असली, तरी दोघांचेही बोट एकाच दोषावर होते: जंगलाशी ज्यांचा रोजचा संबंध त्यांना निर्णयातून वगळलेले होते.

सभेच्या निवेदनानंतर सुमारे वर्षभराने, १८७९ मध्ये, पुण्यालगतच्या कोंढवा बुद्रुक येथील काही जमीन याच कायद्याखाली राखीव वन म्हणून जाहीर झाली. तिचा उल्लेख पुढे सविस्तर येणार आहे.

१९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. वने, वनोत्पन्नाची वाहतूक आणि इमारती लाकूड व अन्य वनोत्पन्नावर आकारायचे शुल्क यांविषयीचा कायदा एकत्र करणे, एवढाच हेतू त्याच्या प्रस्तावनेत सांगितलेला आहे. संवर्धनाचा शब्दही तेथे नाही. त्याच्या कलम २६ नुसार राखीव वनात झाड तोडणे, गुरे चारणे, जमीन मोडणे हे गुन्हे ठरतात आणि कलम २७ नुसार राज्य सरकार नुसत्या अधिसूचनेने राखीव वनाचा दर्जा काढून घेऊ शकते. म्हणजे गवताची मोळी नेणारी बाई गुन्हेगार आणि शेकडो हेक्टर जंगल यादीतून वगळणारा सचिव मात्र कायद्याच्या चौकटीत, अशी ही रचना होती. तिच्याविरुद्धचा असंतोष १९३० मध्ये जंगल सत्याग्रहाच्या रूपाने बाहेर पडला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग झाला, तर उरणजवळच्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला.

तोडीची पद्धत मात्र स्वातंत्र्यानंतरही तीच राहिली. वन खाते जंगलाचे कूप पाडते, म्हणजे क्रमाक्रमाने तोडण्याचे तुकडे आखते. पूर्वी हे कूप लिलावात ठेकेदाराला जात आणि ठेकेदार आदिवासी मजुरांना अत्यल्प मजुरीवर राबवी. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्था उभ्या करून त्यांना कूप देण्याचे धोरण आले, त्याने मजुराचा वाटा सुधारला. ही मोलाची सुधारणा होती, पण तिने कुऱ्हाडीचा धनी बदलला, तोडीचे प्रमाण तिच्या कक्षेत नव्हते. १९५२ च्या राष्ट्रीय वन धोरणाने तर ‘राष्ट्रीय गरजा’ गावाच्या गरजांच्या वर ठेवल्या आणि राष्ट्रीय गरजांत उद्योगाच्या कच्च्या मालाला मानाचे स्थान मिळाले.

औद्योगिक तोडीचा खरा काळ १९७० च्या दशकात सुरू झाला. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ च्या अंतरिम अहवालात आणि १९७६ च्या अंतिम अहवालात ‘उत्पादन वनशेती’चा पुरस्कार केला, नैसर्गिक मिश्र जंगल हे कमी उत्पन्नाचे, सबब ते सरसकट तोडून त्या जागी साग, निलगिरीसारख्या एकाच जातीची लागवड करावी आणि हे काम बँकांकडून कर्ज उभारू शकणाऱ्या महामंडळांनी करावे, असा तो विचार होता. महाराष्ट्राने अंतिम अहवालाची वाट पाहिली नाही. महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ मध्येच कंपनी म्हणून स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला आले आणि मुख्यतः विदर्भातील जंगलांत मिश्र वन काढून सागवान लावण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मोह, चारोळी, तेंदू, बेहडा अशा झाडांवर वर्षभराचे पोट भरणाऱ्या गोंड, कोलाम किंवा कोरकू कुटुंबाच्या दृष्टीने सागाची सरळ रांग म्हणजे जवळजवळ रिकामी जमीनच. शिवाय या तोडीत बेकायदा असे काही नव्हते. मालक सरकार, तोडणारी कंपनी सरकारची, मंजुरीही सरकारचीच.

बांबूची कथा याहून बोलकी आहे. कागद गिरण्यांना सरकारी जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी नाममात्र दरात मिळत असे. पुण्यात जन्मलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला, तेव्हा दांडेलीच्या कागद गिरणीला सुरुवातीला टनामागे अवघ्या दीड रुपया दराने बांबू दिला गेल्याचे आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र बाजारात त्याच बांबूसाठी कित्येक पटींनी अधिक मोजावे लागत असल्याचे समोर आले. कच्चा माल जवळजवळ फुकट मिळत असेल तर तो जपून वापरण्याचे कोणतेही आर्थिक कारण गिरणीला उरत नाही. एका डोंगरावरचा बांबू संपला की पुढच्या डोंगराकडे वळायचे, एवढेच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील बांबूही अशाच रीतीने बल्लारपूरच्या कागद उद्योगाकडे जात होता. सवलतीचा दर हा येथे कुऱ्हाडीइतकाच विध्वंसक ठरला, आणि वनकायद्यावरील चर्चेत या बाजूकडे पुरेसे लक्ष जात नाही.

कायद्यातील पहिला निर्णायक बदल संविधानातून आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आणला, म्हणजे त्यावर केंद्रालाही कायदा करण्याचा अधिकार मिळाला. अनुच्छेद ४८क ने वनांचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले. त्याच्या आधारे २५ ऑक्टोबर १९८० रोजी वटहुकूम निघाला आणि त्याचे वन (संवर्धन) अधिनियम, १९८० मध्ये रूपांतर झाले. हा कायदा जेमतेम पाच कलमांचा होता आणि त्याने तोडीवर बंदी घातलीच नाही. राखीव वनाचा दर्जा काढणे किंवा वनजमीन वनेतर कामासाठी वापरणे यांसाठी राज्याने केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी, इतकेच त्याने सांगितले. कलम २७ चा एकहाती अधिकार त्यामुळे संपला.

या कायद्यात एक मोठी फट राहिली होती. जंगल सरसकट तोडून तेथे पुन्हा झाडेच लावली तर तो ‘वनेतर वापर’ होत नव्हता, त्यामुळे वन महामंडळांची तोड कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. १९८८ च्या दुरुस्तीने ती फट बुजवली: पुनर्वनीकरणासाठी नैसर्गिकरीत्या वाढलेली झाडे काढायची असली तरी केंद्राची परवानगी हवी आणि वनजमीन खासगी व्यक्तीला किंवा सरकारच्या नियंत्रणात नसलेल्या संस्थेला भाडेपट्ट्याने द्यायची असली तरीही हवी. यातील दुसऱ्या तरतुदीची भाषा बारकाईने पाहिली तर सरकारी महामंडळ भाडेपट्ट्याच्या अटीतून सुटलेले दिसते, आणि ते नजरचुकीने सुटले असावे असे वाटत नाही. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय वन धोरणाने १९५२ ची दिशा उलटी फिरवली. परिसराचा समतोल हे वनांचे मुख्य प्रयोजन, आर्थिक लाभ त्याखाली, नैसर्गिक जंगले उद्योगांना लागवडीसाठी मिळणार नाहीत आणि सवलतीच्या दराने कच्चा माल पुरवणे थांबवावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. धोरण हे न्यायालयात बजावून घेता येणाऱ्या कायद्यासारखे नसते, तरी पुढच्या न्यायनिर्णयांना त्याचा भक्कम आधार मिळाला.

अशा बदलाची उदाहरणे अन्यत्रही आहेत. थायलंडने १९८८ च्या महापुरानंतर जानेवारी १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातील व्यापारी तोड बंद केली. देशातील जंगलाला उसंत मिळाली, पण लाकडाची मागणी तशीच राहिल्याने तिचा भार शेजारच्या ब्रह्मदेशाच्या सागावर पडला. न्यूझीलंडची परिस्थिती महाराष्ट्राला अधिक जवळची आहे, कारण तेथे पश्चिम किनाऱ्यावरील सार्वजनिक जंगल तोडणारी कंपनी स्वतः सरकारचीच होती. २००० मध्ये संसदेने कायदा करून त्या भागाशी झालेला जुना तोड-करार रद्द केला आणि २००२ पर्यंत ही तोड संपली. भारताने असा स्वच्छ निषेध कधीच लिहिला नाही. येथे परवानगीची पद्धत घट्ट करत जाण्याचा मार्ग निवडला गेला.

ती पद्धत सर्वांत घट्ट केली ती न्यायालयाने. निलगिरीतील गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन तिरुमलपाद यांनी १९९५ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी आदेश दिला की, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे ते सर्व १९८० च्या कायद्याखाली येते, आणि केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसार, म्हणजे त्या वनविभागाच्या अनेक वर्षांच्या व्यवस्थापन आराखड्यानुसार होणारी तोड वगळता सर्व तोड थांबवावी. ‘काय तोडायचे’ हा प्रश्न त्यामुळे प्रथमच लेखी, मुदतबद्ध आणि राज्याबाहेर तपासल्या जाणाऱ्या आराखड्याला बांधला गेला. महाराष्ट्रातील वन विकास महामंडळाची तोड आजही अशा आराखड्यांखालीच चालते.

परवानगीची जागा मुंबईहून दिल्लीला आणि मंत्रालयातून न्यायालयात सरकली तरी सार्वजनिक सभेने उपस्थित केलेला मुद्दा अनुत्तरितच होता. त्याला कायद्याचे उत्तर मिळाले ते २००६ च्या वनहक्क कायद्यात. अनुसूचित जमाती आणि अन्य पारंपरिक वननिवासी यांना सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला आणि कलम ५ ने त्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव त्याच्या कितीतरी आधीपासून, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने, सहमतीने चालणारी ग्रामसभा उभी करून कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध करत होते. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी वाहतूक परवान्याचे पुस्तक वन खात्याकडेच राहिले, कारण १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबूची गणना झाडांत होत होती आणि वनहक्क कायद्याने मात्र त्याला गौण वनोपजात घातले आहे. परवाना नसलेला बांबू गावाबाहेर गेला की तो चोरीचा. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर बांबू किती काढायचा, कोणाला आणि काय भावाने विकायचा हे गाव ठरवू लागले. औद्योगिक तोड रोखण्याच्या महाराष्ट्रातील सर्व प्रयत्नांत हा सर्वांत टिकाऊ म्हणावा लागेल, कारण यात सवलतीचा दर आणि दूरची मंजुरी, दोन्ही एकाच वेळी निकालात निघाले.

पुणे शहरात ग्रामसभा नाही, आणि तेथील वनजमिनीवर लाकडापेक्षा बांधकामाचा डोळा अधिक असतो. कोंढवा बुद्रुकच्या सर्व्हे क्रमांक २१ मधील ११.८९ हेक्टर जमीन ऑगस्ट १९९८ मध्ये राज्य सरकारने एका कुटुंबाला शेतीसाठी म्हणून दिली, लवकरच ती एका गृहनिर्माण संस्थेला विकण्याची परवानगीही मिळाली आणि २००७ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तेथील निवासी, व्यापारी व माहिती तंत्रज्ञान संकुलाला पर्यावरण मंजुरी दिली. जमीन १८७९ पासून राखीव वन होती; केंद्राची वनविषयक पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती; आणि दर्जा पूर्वीच काढला गेल्याचे दाखवण्यासाठी ज्या जुन्या कागदाचा आधार सांगितला गेला तो न्यायालयाने ग्राह्य धरला नाही. हे घडू शकले याचे कारण साधे आहे. अधिसूचनेने जमीन वन झाली, तरी तिचा ताबा आणि नोंदी महसूल खात्याकडेच राहिल्या, आणि महसूल खात्याच्या दृष्टीने ती इतर सरकारी जमिनीसारखीच वाटून टाकण्याजोगी होती.

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने १५ मे २०२५ रोजी हे जमीनवाटप, विक्रीची परवानगी आणि पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवून जमीन तीन महिन्यांत वन खात्याकडे सोपवण्याचा आदेश दिला. निकालाने राजकारणी, अधिकारी आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या संगनमताचा उल्लेख केला, त्याला वृत्तपत्रांत ठळक मथळे मिळाले. परंतु त्याचा अधिक दूरगामी भाग वेगळा आहे. देशातील सर्व राज्यांनी विशेष तपास पथके नेमून महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमिनी खासगी व्यक्तींना वा संस्थांना दिल्या गेल्या का हे शोधावे, दिलेल्या परत घ्याव्यात आणि परत घेणे व्यापक लोकहिताचे नसेल तेथे जमिनीची किंमत वसूल करून ती वनविकासासाठी खर्चावी, असे त्यात सांगितले आहे. आठवड्याभरातच त्याच न्यायालयाने विदर्भातील झुडपी जंगलेही वनच असल्याचा निर्णय दिला.

दरम्यान संसदेने उलट दिशेचे पाऊल टाकले होते. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने १९८० च्या कायद्याला वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम असे नवे नाव दिले आणि त्याची व्याप्ती अधिसूचित वने व २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेल्या जमिनी यांपुरती ठेवली. शब्दकोशातील अर्थाचे वन, पण दप्तरात नोंद नाही, अशा जमिनी त्यामुळे उघड्या पडल्या. डाव्या उग्रवादाने प्रभावित जिल्ह्यांत पाच हेक्टरपर्यंतच्या काही सार्वजनिक कामांना सूट मिळू लागली, आणि प्राणिसंग्रहालये व सफारी ‘वनेतर वापर’ या संज्ञेतून वगळल्या गेल्या. शहरातील रस्त्याकडेच्या व बागांतील झाडांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती याच्या उलट बाजूची आहे. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे आणि दोनशे वा अधिक झाडांच्या तोडीसाठी राज्य वृक्ष प्राधिकरण, अशा अटी तिने घातल्या. महानगरपालिकेच्या हद्दीतला एखादा जुना वड त्यामुळे काही बाबतींत नोंद नसलेल्या जंगलापेक्षा अधिक सुरक्षित झाला आहे, हा कायदेनिर्मितीतला विचित्र विपर्यास होय.

२०२३ च्या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम आदेश देऊन, अंतिम निर्णयापर्यंत १९९६ चाच अर्थ पाळावा असे राज्यांना सांगितले. त्या जुन्या आदेशानुसार राज्यांच्या तज्ज्ञ समित्यांनी १९९७ च्या सुमारास कोणत्या जमिनी वन म्हणून ओळखल्या होत्या, त्यांच्या नोंदी सादर कराव्यात आणि केंद्रीय मंत्रालयाने त्या आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या कराव्यात, असेही त्यात होते. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने, पर्यायी जमीन दिल्याशिवाय वनक्षेत्र घटेल असे कोणतेही पाऊल केंद्राने वा राज्यांनी उचलू नये, अशी जोड दिली. या याद्यांमध्ये अनेक ठिकाणी गट क्रमांक नाहीत किंवा सीमा नाहीत, काही राज्यांच्या नोंदी तर केवळ हेक्टरचे आकडे आहेत. कोंढव्याची जमीन परत मिळाली ती १८७९ ची अधिसूचना सर्व्हे क्रमांकासह उपलब्ध होती म्हणून. जेथे असा कागद नाही, तेथे वन खात्याला किंवा जागरूक नागरिकाला आधी ते जंगल आहे हेच सिद्ध करत बसावे लागते, आणि तोवर तोडीची परवानगी देणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही.